सदनिका घेताना साथीचाही विचार हवा

नवी सदनिका पाहावयास गेलेली मंडळी काय पाहतात? दरवाजा कोणत्या दिशेस आहे, फरशी कोणती बसवली आहे, नळाला पाणी किती वेळ येते, गाडी कुठे लावायची, बाजार आणि एस.टी. स्टँड किती लांब आहे. हे सर्व पाहणे योग्यच. परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. घरातल्या एका माणसाला दहा दिवस वेगळे ठेवण्याची वेळ आली, तर तो कोणत्या खोलीत झोपेल, कोणता संडास वापरील आणि त्याच्या खोलीतली हवा कुठे जाईल?

२०२० साली कोरोनाच्या साथीत हा प्रश्न लाखो घरांत एकाच वेळी उभा राहिला. सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णांना घरी राहण्याची मुभा केंद्र शासनाने दिली, पण त्यासाठी घरात वेगळे राहण्याची सोय असणे ही अट होती. पुष्कळ घरे या अटीत बसत नव्हती. कुठे संडास एकच, कुठे दुसऱ्या खोलीला खिडकीच नाही, तर कुठे आजोबांच्या खोलीतूनच न्हाणीघराकडे जाण्याची वाट. रोग तरुण मुलाने बाहेरून आणावा आणि जिवावर बेतावे घरातल्या वृद्धांच्या, असे अनेक कुटुंबांत घडले.

आता तालुक्याच्या गावीही जुने वाडे पाडून तीन-चार मजली अपार्टमेंट उभ्या राहत आहेत. आज बांधली जाणारी इमारत पुढील चाळीस-पन्नास वर्षे वापरात राहील. एवढ्या काळात पुन्हा एखादी साथ येणारच नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, २००९ चा स्वाइन फ्लू आणि २०२० चा कोरोना हा सव्वाशे वर्षांचा इतिहास आपल्यासमोर आहे. शिवाय क्षयरोग, गोवर, कांजिण्या यांना साथीची वाट पाहावी लागत नाही. ते आपल्यात कायमचेच आहेत.

कोंडलेली हवा, पसरणारा रोग

खोकताना, शिंकताना, बोलताना आणि नुसता श्वास सोडतानाही माणसाच्या तोंडानाकातून सूक्ष्म कण बाहेर पडतात. मोठे थेंब थोड्या अंतरावर खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत ते साचत जातात आणि हवा खेळती असेल तर विरळ होऊन बाहेर जातात.

खोलीतली हवा तासाभरात किती वेळा बदलली जाते, यावरून तिचे आरोग्य मोजता येते. ताशी २ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतून असे तरंगते कण ९९ टक्के नाहीसे होण्यास सुमारे १३८ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो. ताशी ६ वेळा हवा बदलली तर हेच काम ४६ मिनिटांत होते आणि १२ वेळा बदलली तर २३ मिनिटांत. अर्थात रुग्ण खोलीतून गेल्यानंतरचा हा हिशेब आहे. तो खोलीतच असेल तर कणांची भर पडतच राहते.

यासाठी महागडी यंत्रेच लागतात असे नाही. पेरू देशातील लिमा शहरात रुग्णालयांच्या खोल्यांतील हवा मोजून पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. खिडक्या-दारे उघडी ठेवलेल्या खोल्यांत हवा ताशी सरासरी २८ वेळा बदलत होती, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळा. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारती याबाबतीत सर्वांत सरस ठरल्या. आपल्याकडे क्षयरोग्यांची आरोग्यधामे पाचगणीसारख्या ठिकाणी, रुंद व्हरांड्यांची बांधली जात, त्यामागेही भरपूर हवा-उजेडाचाच विचार होता.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. घरातला साधा स्प्लिट एअर कंडिशनर बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा तो पुन्हा पुन्हा थंड करतो. याउलट खिडकीत बसवलेला पाण्याचा कूलर बाहेरची हवा आत ओढतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात समोरची एक खिडकी उघडी ठेवून कूलर लावणे हे बंद खोलीतल्या एअर कंडिशनरपेक्षा या दृष्टीने चांगले. मात्र कूलरचे पाणी दर आठवड्यास काढून टाकी घासून कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास घरातच होते.

मुंबईच्या प्लेगचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण प्रथम ओळखला तो मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींमधून साथ पसरत गेली. त्यानंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्यासारख्या नव्या वसाहतींची आखणी केली. या कामात अनेक गरीब कुटुंबांची घरे पाडली गेली, हेही विसरता येणार नाही.

या ट्रस्टचा एक नियम आजही समजून घेण्यासारखा आहे. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. त्याचा साधा अर्थ असा, की इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या सुमारे दुपटीपेक्षा अधिक नसावी. पंधरा फूट मोकळी जागा असेल तर इमारत तीस फुटांपर्यंत. म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आकाश दिसते.

त्या काळी प्लेग दूषित हवेमुळे पसरतो, अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात तो मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता, हे नंतर सिद्ध झाले. प्लेगचे कारण त्यांनी चुकीचे धरले होते, पण हवा आणि उजेडाचा नियम क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांविरुद्ध मोलाचा ठरणारा होता.

नियम सोडला की काय होते, याचे उदाहरणही मुंबईतच आहे. गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधील अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटर ठेवले गेले. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि खिडक्या उघडल्या तरी हवा हलत नाही. या वसाहतींच्या २०१८ मधील पाहणीत क्षयरोगाचे प्रमाण अधिक मोकळ्या वसाहतीच्या मानाने कितीतरी जास्त आढळले. झोपडीतून पक्क्या घरात आल्याने आरोग्य आपोआप सुधारते असे नाही, हा यातून घेण्याचा बोध.

पाइपातून आणि डक्टमधून येणारा धोका

हवा फक्त खिडकीतून येत नाही. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाचा उद्रेक झाला. सार्स झालेला एक पाहुणा तिथे नातेवाइकाकडे आला होता आणि त्याला जुलाब होत होते. त्यानंतर वसाहतीतील ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली आणि सुमारे ४० जण दगावले. तपासात सांडपाण्याच्या पाइपांकडे बोट दाखवले गेले.

प्रत्येक मोरीच्या जाळीखाली एक वाकडा भाग असतो. त्यात दोन-अडीच इंच पाणी कायम साठून राहते आणि पाइपातली घाण हवा वर येण्यास अटकाव करते. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. अमॉय गार्डन्समध्ये अनेक न्हाणीघरांची फरशी पुसूनच घेतली जात असल्याने हे ट्रॅप कोरडे पडले होते. त्यात न्हाणीघरातील पंखा सुरू केला की पाइपातली दूषित हवा घरात खेचली जाई. पुढे २०२० साली चीनमधील ग्वांगझू येथील एका उंच इमारतीत एकाखाली एक असलेल्या तीन घरांतील ९ जणांना कोरोना झाला, तेव्हाही सांडपाण्याच्या सामाईक पाइपातून संसर्ग झाल्याची शक्यता अभ्यासकांनी वर्तवली.

आपल्या अपार्टमेंटमध्ये संडास-न्हाणीघरांच्या खिडक्या बहुधा एका सामाईक डक्टमध्ये उघडतात. प्रत्येक घराचा पंखा आपली हवा त्यात सोडतो. डक्ट रुंद आणि वरून उघडा असेल तर ही हवा वर निघून जाते. पण कबुतरे येतात, पाऊस येतो म्हणून गच्चीवर डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकला जातो. मग एका घरातली हवा दुसऱ्या घरात जाते. कबुतरांसाठी जाळी बसवावी, पत्रा नको. तसेच सांडपाण्याच्या पाइपाची हवा सोडणारी नळी गच्चीच्या वर उंच नेलेली असावी, कोणाच्या खिडकीजवळ तिचे तोंड नसावे.

वेगळी खोली कशी असावी?

दोन खोल्यांची सदनिका असली, तरी आखणी नीट असेल तर आजारी माणसाला वेगळे ठेवता येते. त्यासाठी चार गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट, खोलीस बाहेर उघडणारी स्वतःची खिडकी हवी. डक्टमध्ये किंवा बंद गॅलरीत उघडणारी खिडकी मोजू नये. दुसरी, त्या खोलीतून इतरांच्या येण्याजाण्याची वाट नको. तिसरी, खोलीला जोडून किंवा अगदी लागून संडास हवा. दोन संडासांना जागाच नसेल तर निदान संडास आणि न्हाणीघर वेगवेगळे करावे आणि हात धुण्याचे बेसिन बाहेर ठेवावे, म्हणजे एकाच बंद जागेत सर्वांना फार वेळ थांबावे लागत नाही. चौथी गोष्ट, ही खोली शक्यतो घराच्या दर्शनी भागात असावी, म्हणजे डॉक्टरांना किंवा परिचारिकेला साऱ्या घरातून जावे लागणार नाही.

हवेची दिशाही महत्त्वाची आहे. आजाऱ्याच्या खोलीतली हवा बाहेर जावी, घरात येऊ नये. त्यासाठी खिडकीच्या वरच्या भागात बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवून दार बंद ठेवावे. दाराखाली थोडी फट असू द्यावी. दिशा बरोबर आहे की नाही, हे पाहण्यास एक उदबत्ती पुरते. ती पेटवून बाहेरून दाराच्या फटीशी धरावी. धूर खोलीच्या आत खेचला गेला तर ठीक. तो तुमच्याकडे येत असेल तर पंखा उलटा बसला आहे किंवा खिडकीतून वारा आत शिरतो आहे, असे समजावे. आजाऱ्याच्या खोलीत कूलर असेल तर तो हवा आत ढकलतो. अशा वेळी दुसरी खिडकी पूर्ण उघडावी आणि घराकडचे दार नीट लावून घ्यावे.

खिडकी किती मोठी?

राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने हवा-उजेडासाठी किती उघडी जागा हवी ते दिले आहे. कोरड्या व उष्ण प्रदेशात ती एक दशांश, तर कोकणासारख्या दमट व उष्ण प्रदेशात एक षष्ठांश. म्हणजे १० बाय १० फुटांच्या खोलीस कोरड्या भागात किमान १० चौरस फूट आणि दमट भागात सुमारे १७ चौरस फूट.

आता हिशेब करून पाहा. चार फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी १६ चौरस फुटांची दिसते. पण हल्ली सर्रास बसवली जाणारी दोन काचांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. म्हणजे हवेसाठी प्रत्यक्षात ८ चौरस फूटच मिळतात. पूर्ण उघडणाऱ्या झडपांची खिडकी त्याच भोकातून दुप्पट हवा देते.

खिडक्या समोरासमोरच्या किंवा लगतच्या दोन भिंतींना असतील तर वारा आरपार जातो. एकाच भिंतीला कितीही मोठी खिडकी असली तरी तो लाभ पूर्णपणे मिळत नाही. जुन्या घरांत छताजवळ झरोके असत. गरम झालेली हवा वर चढून त्यातून बाहेर पडे आणि पावसात किंवा रात्री चोरीच्या भीतीने खिडकी लावली तरी झरोका उघडा राही. गजांचा आणि डासांच्या जाळीचा असा झरोका नव्या सदनिकेतही सहज करता येतो. जाळीने हवा थोडी कमी होते खरी, पण डासांमुळे बंद ठेवलेल्या खिडकीपेक्षा जाळी केव्हाही चांगली.

जिना, गच्ची आणि पहारेकरी

वाड्याला ओसरी आणि पडवी असे. बाहेरचा माणूस तिथेच बसे, हातपाय तिथेच धुतले जात. सदनिकेत ही मधली जागा नाहीशी झाली आणि दार उघडले की थेट दिवाणखाना आला. निदान दाराजवळ चपलांना आणि बेसिनला जागा ठेवावी, किंवा इमारतीच्या प्रवेशद्वाराशी सर्वांसाठी एक नळ असावा.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर बाहेर उघडणारी खिडकी किंवा जाळी हवी. दोन्ही बाजूंना दारे असलेला लांब अंधारा बोळ टाळावा. लिफ्ट ही इमारतीतली सर्वांत लहान आणि कोंदट खोली असते. जिना रुंद, उजेडाचा आणि कठड्याचा असेल तर धडधाकट माणसे आपण होऊन तो वापरतात आणि लिफ्ट वृद्धांना मोकळी राहते.

टाळेबंदीत अनेक इमारतींच्या गच्चीला कुलूप लागले होते. मुलांना खेळायला आणि वृद्धांना फिरायला तेवढीच मोकळी जागा उरली होती. मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका घरातल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. तेव्हा गच्चीला पक्का कठडा आणि थोडी सावली करावी. वेळा वाटून घेतल्या की सर्वांना तिचा उपयोग होतो. गॅलरीही अशीच. ती काचा लावून खोलीत घेतली की जागा वाढल्यासारखी वाटते, पण आतल्या खोलीची हवा तुटते.

पहारेकरी आणि घरकाम करणाऱ्या बाईंसाठी तळमजल्यावर संडास व पाणी आहे का, हेही पाहावे. दिवसभर इमारतीत राबणाऱ्या माणसाला हात धुण्यास जागा नसेल, तर बाकीची स्वच्छता अपुरीच राहते. शक्य असल्यास तळमजल्यावर एक सामाईक खोली, स्वतंत्र दार आणि संडासासह असावी. एरवी ती सभेला, अभ्यासिकेला उपयोगी पडते. साथीत तिथे रुग्णाला ठेवता येते किंवा लसीकरण करता येते.

ज्यांना दुसरी खोलीच नाही

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, एका खोलीत सहा माणसे राहतात, त्यांनी काय करावे? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याचे दिसले आणि इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. अंतर ठेवा हा सल्ला जागा असलेल्यांसाठीच होता, हे या आकड्यांनी दाखवून दिले. धारावीत म्हणूनच संशयितांना घरी न ठेवता शाळा, सभागृहे व क्रीडासंकुलांत हलवावे लागले आणि त्याचा उपयोगही झाला.

ज्यांच्या घरात दुसरी खोली नाही, त्यांची दुसरी खोली गावाने बांधावयाची असते. नगरपालिकेची शाळा किंवा समाजमंदिर नव्याने बांधले जात असेल, तर त्याला मोठ्या खिडक्या, पुरेसे संडास आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट ठेवण्याचा आग्रह नागरिकांनी धरावा. घरकुल योजनांच्या इमारतींत दोन इमारतींमधील अंतर कमी करून घरांची संख्या वाढवली जात असेल, तर त्याविरुद्धही बोलावे.

तोपर्यंत एका खोलीच्या घरात रुग्णाची जागा खिडकीजवळ ठेवावी, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा, इतरांनी दाराकडील बाजूस झोपावे आणि दोघांनीही मास्क वापरावा. नुसता पडदा लावल्याने हवा अडत नाही.

नकाशा हातात असताना विचारावयाचे प्रश्न

१. प्रत्येक खोलीला थेट बाहेर उघडणारी खिडकी आहे का? ती पूर्ण उघडते की निम्मी?

२. आजारी माणसासाठी कोणती खोली आणि कोणता संडास वापरता येईल?

३. शेजारच्या इमारतीपासून अंतर किती? तळमजल्यावरून आकाश दिसेल का?

४. डक्टची रुंदी किती? तो वरून उघडा आहे का? साफसफाईसाठी आत जाता येते का?

५. जिन्याला उजेड आणि हवा आहे का?

६. गच्ची सर्वांना खुली राहील, असे करारात लिहिले आहे का?

७. पहारेकऱ्याच्या संडासाची सोय नकाशात दाखवली आहे का?

भिंती उभ्या राहण्यापूर्वी यातील बहुतेक बदल फारसा खर्च न वाढवता होतात. एकदा स्लॅब पडला आणि भिंती चढल्या की तीच खिडकी काढण्यास तोडफोड, परवानगी आणि पैसा लागतो. म्हणून सदनिका ज्यांनी नोंदवली आहे, त्यांनी चार-सहा जण मिळून बिल्डरकडे आणि आर्किटेक्टकडे जावे. एकट्याचे म्हणणे टाळले जाते, सर्वांचे ऐकावे लागते.

जे तयार इमारतीत राहतात, त्यांनाही या रविवारी तीन कामे करता येतील. न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे आणि दर आठवड्यास ते करीत राहावे. गच्चीवर जाऊन डक्टच्या तोंडावर पत्रा असेल तर तो काढून जाळी लावण्याचा विषय सोसायटीच्या सभेत मांडावा. आणि घरातल्या सर्वांनी बसून ठरवून ठेवावे, की उद्या आपल्यापैकी कोणी आजारी पडले तर त्याची खोली कोणती.